परवाना देणाऱ्याने विचारलेला प्रश्न

तुमच्या प्रेक्षकांसाठी अत्यावश्यक माहिती असलेली एखादी बातमी तुम्ही सुचवली आणि व्यवस्थापनाने ती नाकारली, असे कधी झाले आहे का? नाकारताना कारण काय सांगितले? ते तुम्हाला का पटले नाही?

पत्रकारितेच्या एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी हे विचारले असते तर बहुतेक वार्ताहरांनी खुर्ची पुढे ओढून तासभर उत्तर दिले असते. न लागलेल्या बातम्यांबद्दल पत्रकार जितके मनापासून बोलतात तितके लागलेल्यांबद्दल बोलत नाहीत. पण २०१३ साली लोकांना गरजेची माहिती मिळते का हे तपासणाऱ्या पाहणीच्या ज्या आराखड्यात हा प्रश्न आला तो होता अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा, म्हणजे रेडिओ आणि टीव्ही केंद्रांना परवाने देणाऱ्या आणि दर आठ वर्षांनी त्यांचे नूतनीकरण करणाऱ्या आयोगाचा. दक्षिण कॅरोलिना राज्याची राजधानी कोलंबिया इथे या पाहणीची चाचणी व्हायची होती. ती झालीच नाही. २८ फेब्रुवारी २०१४ रोजी आयोगाने संपूर्ण अभ्यास रद्द केला. तोपर्यंत कोलंबियातल्या एकाही रहिवाशाला एकही प्रश्न विचारून झालेला नव्हता.

ही हकिकत अमेरिकेत दोन प्रकारे सांगितली जाते. एका बाजूचे म्हणणे, सरकार बातमीदारांच्या खोलीत पाय ठेवायला निघाले होते, वेळीच अडवले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांना बातम्या मिळतात का हे तपासणारे एक साधे संशोधन राजकीय ओरडा करून मारले. मला दोन्ही कथा अर्ध्या वाटतात. या पाहणीत खरे तर दोन पाहण्या होत्या, एक रहिवाशांची आणि एक माध्यमांची. पहिली उत्तम होती. दुसरीतले काही प्रश्न असे होते की ते विचारायचा अधिकार जगात अनेकांना आहे, पण परवाना देणाऱ्याला नाही. दोन्ही एकाच लेटरहेडवर निघाल्या आणि दुसरीने पहिलीला सोबत बुडवले.

पाहणी हवी कशाला होती

आयोगावर १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एक काम सोपवले होते. कायद्याचे कलम २५७ सांगत होते की दळणवळण क्षेत्रात नव्याने येऊ पाहणाऱ्या उद्योजकांना आणि छोट्या व्यवसायांना कोणते अडथळे येतात ते शोधा, दूर करा आणि दर तीन वर्षांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अहवाल द्या. कागदावर हे व्यापारउदिमाचे कलम दिसते. पण त्याच्या मागे एक जुना प्रश्न होता, कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या आणि स्त्रियांच्या मालकीची केंद्रे इतकी कमी का, आणि मालकी थोड्या हातांत गेल्याने बातम्यांत काय फरक पडतो.

या प्रश्नावर आयोगाला न्यायालयात मार बसत होता. प्रोमेथियस रेडिओ प्रोजेक्ट या संघटनेने लावलेल्या खटल्यांत फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये आयोगाचे मालकीविषयक निर्णय परत पाठवले. २०११ च्या निकालातला सूर स्पष्ट होता. अल्पसंख्याकांची मालकी वाढावी म्हणून नियम केले म्हणता, पण ती वाढेल हे कशावरून? आकडेवारी कुठे आहे? थोडक्यात, आयोगाला पुरावा हवा होता आणि तो त्याच्या कपाटात नव्हता.

त्याच वर्षी, जून २०११ मध्ये, पत्रकार स्टीव्हन वॉल्डमन यांच्या नेतृत्वाखाली आयोगानेच एक जाडजूड अहवाल काढला. त्याचा विषय होता समुदायांच्या माहितीच्या गरजा. वृत्तपत्रांनी माणसे कमी केली, संकेतस्थळे वाढली, पण नगरपालिका, शाळा मंडळ, न्यायालय इथे जाऊन बसणारा माणूस कमी झाला, असे त्यात मांडले होते. देशाचे एकूण चित्र त्यात दिसत होते. एखाद्या विशिष्ट गावात काय चालले आहे हे त्यातून कळणार नव्हते.

मग २०१२ मध्ये आयोगाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग स्कूलकडून आधीच्या संशोधनाचा आढावा करवून घेतला. लुईस फ्रीडलँड, फिलिप नेपोली, कॅथरिन ओग्न्यानोव्हा ही मंडळी त्यात होती. या आढाव्यातून आठ गरजांची यादी निघाली: आपत्ती आणि धोके, आरोग्य आणि कल्याण, शिक्षण, वाहतूक, रोजगार व आर्थिक संधी, पर्यावरण, नागरी जीवन आणि राजकीय माहिती. पुढचे सगळे रामायण या यादीवरून घडले, तरी स्वतः यादी मला आजही फार उपयोगी वाटते. ‘तुम्हाला स्थानिक बातम्या मिळतात का’ असे विचारले की कोणीही ‘मिळतात की’ म्हणतो. कुठे खून झाला, कोणता नेता आला, कोणाचा सत्कार झाला हे मिळतच असते. पण नळाचे पाणी आज उकळून प्यायचे का, मुलीच्या शाळेचे पटसंख्येमुळे काय होणार, तुमच्या भागाची बस का बंद झाली आणि ते कोणी ठरवले, असे एकेक विचारत गेले की उत्तर बदलते. आठ खाने असले की ‘मिळतात की’ या उत्तराच्या आत शिरता येते.

आराखडा

मेरीलँड राज्यातल्या सोशल सोल्युशन्स इंटरनॅशनल या संशोधन कंपनीने पाहणीची रचना केली आणि आयोगाने ती मे २०१३ मध्ये जाहीर केली. लहान, मध्यम आणि मोठी अशी मिळून सहा ठिकाणे निवडायची आणि प्रत्येक ठिकाणी दोन अंगांनी काम करायचे.

एक अंग होते माध्यमांच्या शिरगणतीचे. त्या बाजारपेठेतली टीव्ही केंद्रे, रेडिओ, वृत्तपत्रे, संकेतस्थळे यांत खरोखर काय येते ते मोजायचे, म्हणजे बातम्या गोळा करून आठ खान्यांत टाकायच्या. त्याच्या जोडीला मालक, केंद्रप्रमुख, वृत्तसंपादक, निवेदक, वार्ताहर यांच्या मुलाखती घ्यायच्या.

दुसरे अंग रहिवाशांचे. सर्वसाधारण लोकसंख्येची नमुना पाहणी करायची आणि शिवाय निवडक वस्त्यांत घरी जाऊन सविस्तर बोलायचे. लोकांना स्वतःच्या कोणत्या गरजा जाणवतात आणि प्रत्यक्षात कोणत्या असतात, यातला फरक शोधणे हा तिचा हेतू आराखड्यातच लिहिलेला होता. पाहणी करणाऱ्यांना या फरकाचे मोल ठाऊक असते. ज्याला माहीतच नाही की आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा बदलला, तो त्याची बातमी मिळाली नाही अशी तक्रार कशी करणार? म्हणून एकाच गावात, एकाच काळात, एका बाजूला काय छापले आणि दाखवले गेले ते मोजायचे आणि दुसऱ्या बाजूला लोकांपर्यंत काय पोचले ते विचारायचे, असा हा घाट होता. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चार शक्यता दिसतात: बातमी आली आणि पोचली, आली पण पोचली नाही, आलीच नाही पण लोकांना दुसरीकडून कळली, आणि आलीही नाही, कळलीही नाही. शेवटचा गट सर्वांत महत्त्वाचा, आणि नुसत्या एका बाजूच्या पाहणीत तो कधीच सापडत नाही.

संशोधन म्हणून पाहिले तर इथवर बोट ठेवायला जागा नाही. अडचण मुलाखतींच्या प्रश्नांत होती. तुमच्या केंद्राचे बातम्यांविषयीचे तत्त्वज्ञान काय? कोणती बातमी घ्यायची हे ठरवताना समाजाचे म्हणणे किती विचारात घेता? आणि निवेदक-वार्ताहरांसाठी तो सुरुवातीचा प्रश्न, वरिष्ठांनी बातमी नाकारली का आणि का नाकारली.

सहभाग ऐच्छिक होता. ते आराखड्यातच होते आणि आयोगाने पुढे वारंवार सांगितलेही.

कोलंबिया

चाचणीसाठी कोलंबिया निवडल्याचे आयोगाच्या तेव्हाच्या हंगामी अध्यक्ष मिग्नॉन क्लायबर्न यांनी नोव्हेंबर २०१३ च्या सुरुवातीला जाहीर केले. क्लायबर्न स्वतः दक्षिण कॅरोलिनाच्या. आयोगावर येण्याआधी त्यांनी चार्ल्सटनमध्ये कृष्णवर्णीय वाचकांसाठीचे एक साप्ताहिक चौदा वर्षे चालवले होते. छोट्या पत्राला जाहिराती मिळवताना काय करावे लागते हे आयोगात बसलेल्या ज्या थोड्यांना ठाऊक असेल, त्यांतल्या त्या एक. घोषणेनंतर काही दिवसांतच टॉम व्हीलर पूर्णवेळ अध्यक्ष झाले आणि हा विषय त्यांच्या टेबलावर आला.

गाव चाचणीला योग्य होते. २०१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २९ हजार होती. राज्याचे विधिमंडळ इथे, मोठे विद्यापीठ इथे, लष्कराचे फोर्ट जॅक्सन हे प्रशिक्षण केंद्र इथे. ‘द स्टेट’ हे १८९१ पासूनचे दैनिक आणि चारही मोठ्या टीव्ही जाळ्यांशी जोडलेली स्थानिक केंद्रे होती. म्हणजे माध्यमांचा दुष्काळ असलेले गाव नव्हे. अशाच ठिकाणी खरा प्रश्न विचारता येतो, कारण माध्यमे असूनही कोणत्या वस्तीला काय मिळत नाही हे इथे दिसू शकले असते.

पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये याच शहरावर प्रचंड पाऊस कोसळला. गिल्स क्रीकच्या पाणलोटातली धरणे फुटली, पाणीपुरवठ्याचा कालवा फुटला, आणि नळाला आलेले पाणी उकळूनच प्या अशी सूचना लोकांना दिवसेंदिवस पाळावी लागली. आठ गरजांच्या यादीतली पहिली गरज, आपत्ती आणि धोके. पाहणी झाली असती तर पूर टळला असता किंवा सूचना लवकर पोचल्या असत्या, असा दावा मी करणार नाही. पण पुराआधी कोणत्या वस्तीतले लोक कोणत्या माध्यमावर विसंबून होते याची नोंद हाताशी असती, तर पुरानंतर तुलना करता आली असती. अशी आधीची नोंद मागाहून तयार करता येत नाही.

फेब्रुवारी २०१४

कुरबुर आधीच सुरू झाली होती. डिसेंबर २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा व वाणिज्य समितीतल्या रिपब्लिकन सदस्यांनी व्हीलर यांना पत्र लिहिले. त्यांच्या मते हे ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’चे नवे रूप होते. या जुन्या नियमाचा संदर्भ समजून घेतल्याशिवाय त्यांचा राग कळत नाही. १९४९ पासून केंद्रांवर बंधन होते की सार्वजनिक वादाचे विषय घ्या आणि दोन्ही बाजू द्या. ऐकायला न्याय्य. पण दोन्ही बाजू दिल्या की नाही हे ठरवणार परवाना देणारा. १९८७ मध्ये आयोगाने तो नियम सोडला आणि नियमावलीतून त्याचे उरलेसुरले शब्द २०११ मध्ये काढले. अमेरिकी उजव्यांच्या स्मरणात तो नियम म्हणजे सरकारने कार्यक्रमांवर ठेवलेला पहारा. डाव्यांनी ही भीती हसण्यावारी न्यायचे कारण नव्हते, कारण वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांच्याविरुद्ध बातम्या देणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ कंपनीच्या फ्लोरिडातल्या टीव्ही केंद्रांच्या परवान्यांना निक्सन यांच्या गोटातल्या लोकांनी आव्हान दिले होतेच. परवाना हे हत्यार होऊ शकते हे दोन्ही पक्षांनी आपापल्या वेळी पाहिले आहे.

१० फेब्रुवारी २०१४ रोजी आयोगाचेच एक सदस्य अजित पै यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहिला. (होय, आडनावावरून ओळखलेत ते बरोबर. त्यांचे आईवडील भारतातून गेलेले कोकणी. पुढे २०१७ मध्ये ते आयोगाचे अध्यक्ष झाले.) पै यांच्या लेखाचा सूर पक्षीय होता, पण त्यांचे तीन मुद्दे खोडून काढणे अवघड होते. केंद्राला परवान्याशिवाय धंदा करता येत नाही, तेव्हा परवाना देणाऱ्याच्या ‘ऐच्छिक’ प्रश्नाला नाही म्हणणे सोपे नसते. आयोगाचा वृत्तपत्रांवर कोणताही अधिकार नसताना पाहणीत वृत्तपत्रे कशी? आणि तिसरा, सर्वांत नेमका: कलम २५७ छोट्या व्यावसायिकांच्या अडथळ्यांबद्दल आहे, मग वृत्तसंपादकाने एखादी बातमी का घेतली नाही याचा त्या अडथळ्यांशी संबंध काय?

तिसऱ्या प्रश्नाला आयोगाकडे उत्तर नव्हते असे नाही. मालकी कोणाची आहे यावर कोणती बातमी लागते हे अवलंबून असते, आणि म्हणून नव्या मालकांना वाव हवा, अशी साखळी जोडता येते. पण ती तीन-चार कड्यांची आहे, आणि प्रश्नावलीत त्यातली एकही कडी लिहिलेली नव्हती. वाचणाऱ्याला दिसत होते ते एवढेच की सरकार विचारते आहे, तुमच्या साहेबांनी बातमी का अडवली.

लेखानंतर दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या, प्रसारकांच्या आणि वृत्तसंपादकांच्या संघटनांनी आक्षेप घेतले. व्हीलर यांनी १४ फेब्रुवारीला काँग्रेसला उत्तर पाठवून सांगितले की पत्रकारांच्या अभिव्यक्तीचे नियमन करायचा आयोगाचा इरादा नाही. आठवड्याभरात आयोगाने मान्य केले की व्यवस्थापक, वृत्तसंपादक आणि वार्ताहरांना विचारायचे प्रश्न गरजेपलीकडे गेले होते, आणि माध्यमांच्या मुलाखती चाचणीतून काढून टाकल्या. पण तोवर अभ्यासाचे नाव इतके खराब झाले होते की रहिवाशांचा भागही टिकेना. महिनाअखेरीस सगळेच गुंडाळले. काँग्रेसप्रती असलेले कर्तव्य कसे पार पाडायचे याचा नव्याने विचार करू, एवढे आश्वासन मागे उरले.

पै यांच्या लेखापासून रद्द होण्यापर्यंत अठरा दिवस. आढावा, आराखडा, जनतेच्या सूचना यांत याआधी सुमारे दोन वर्षे गेली होती.

तो प्रश्न टाळता आला असता का

सहज. अमेरिकेतल्या प्रत्येक केंद्राला दर तिमाहीला एक यादी सार्वजनिक फाइलमध्ये ठेवावी लागते. आपल्या समाजापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते आणि त्यांवर आम्ही कोणते कार्यक्रम केले, हे त्यात केंद्रच लिहिते. २०१२ पासून टीव्ही केंद्रांच्या या याद्या इंटरनेटवर येऊही लागल्या होत्या. म्हणजे केंद्राचा दावा काय हे कोणाला काही न विचारता मिळत होते. त्याने प्रत्यक्ष काय दाखवले ते ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण करून मोजता येत होते. लोकांपर्यंत काय पोचले ते लोकांना विचारून कळले असते. या तिन्हींत संपादकाच्या डोक्यात डोकवावे लागत नाही. बातमी का नाकारली हे जाणून घ्यायचेच होते, तर तेवढा भाग एखाद्या विद्यापीठाकडे सोपवायचा, नावे गुप्त ठेवायची आणि मूळ उत्तरे आयोगाला कधीच दाखवायची नाहीत असे करारात लिहायचे.

शिवाय त्या प्रश्नाची उत्तरे विश्वासार्ह मिळाली नसतीच. वार्ताहराने ‘हो, नाकारली’ म्हटले तर नोकरी धोक्यात, मालकाने खरे सांगितले तर परवान्याची धास्ती. दोघेही गोडगोड बोलले असते. आक्षेपांचा सगळा गदारोळ बाजूला ठेवला तरी, नुसत्या पाहणीशास्त्राच्या कसोटीवरही तो प्रश्न नापास होता. ज्याच्या हातात तुमचे भले-बुरे आहे त्याला दिलेले उत्तर हे माहिती म्हणून वापरता येत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. समजा जिल्हा माहिती कार्यालयाने तालुक्याच्या वार्ताहरांना अशी प्रश्नावली पाठवली: तुमच्या संपादकाने लोकोपयोगी बातमी कधी अडवली का? अधिस्वीकृती पत्रिकेची, म्हणजे शासनमान्य पत्रकाराच्या ओळखपत्राची, वाट त्याच खात्यातून जाते. शासकीय जाहिराती त्याच खात्याकडून येतात, आणि छोट्या साप्ताहिकाचा महिना त्या जाहिरातींवर निघतो. तालुका वार्ताहराला तर बहुतेक ठिकाणी पगार नसतो, जाहिरातीचे कमिशन असते. तो फॉर्म भरून पाठवेल, आणि त्यात काय लिहिलेले असेल हे न उघडताच सांगता येईल. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने माध्यमांतल्या बातम्यांवर नजर ठेवणारे, त्यांची सकारात्मक-नकारात्मक वर्गवारी करणारे केंद्र उभारण्यासाठी सुमारे १० कोटी रुपयांची तरतूद केली. त्यावर पत्रकारांच्या मनात पाल चुकचुकली ती याच कारणाने. मोजणी वाईट नसते. मोजणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते लोक आधी बघतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वेगळी आहे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. कोलंबियात रेडिओ केंद्राला बातम्यांचे तत्त्वज्ञान विचारणे गैर ठरले. इथे तो प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

मग विचारले कोणी

हीच चौकशी परवान्याशी संबंध नसलेल्यांनी केली तेव्हा कोणाचीही झोप उडाली नाही. कोलंबियाचा अभ्यास रद्द झाल्यावर साधारण वर्षभराने, मार्च २०१५ मध्ये, प्यू रिसर्च सेंटर या बिगरसरकारी संशोधन संस्थेने तीन शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डेन्व्हर, जॉर्जियातले मेकन आणि आयोवातले सू सिटी. घाट जवळपास तोच: माध्यमांची यादी करा, त्यांच्यात काय येते ते तपासा, रहिवाशांना विचारा. डेन्व्हरमध्ये स्थानिक बातम्या देणारे १४३ स्रोत सापडले, सू सिटीत ३१, मेकनमध्ये २४. तिन्ही ठिकाणी दहांतले जवळजवळ नऊ लोक स्थानिक बातम्यांकडे लक्ष ठेवून होते. म्हणजे स्रोत सहापट कमी असले तरी लोकांची भूक सारखीच होती. मेकन हे कोलंबियासारखेच दक्षिणेतले, मोठी कृष्णवर्णीय लोकसंख्या असलेले शहर. कोलंबियात जे विचारायचे राहिले त्यातले थोडेफार तिथे विचारून झाले, असे म्हणता येईल.

प्यूने २०१८ च्या अखेरीस पुन्हा, देशभर सुमारे ३५ हजार प्रौढांना विचारले. त्यातली दोन उत्तरे शेजारी ठेवावीत अशी आहेत. ७१ टक्के लोकांना वाटत होते की आपल्या भागातल्या माध्यमांचे आर्थिकदृष्ट्या बरे चालले आहे. आणि गेल्या वर्षभरात स्थानिक बातम्यांसाठी पैसे दिलेले होते १४ टक्के. वृत्तपत्रे धडाधड बंद पडत असताना वाचकांना त्याचा पत्ता नव्हता. जाणवलेली गरज आणि खरी परिस्थिती यांतले अंतर म्हणतात ते हे, आणि रहिवाशांना विचारल्याशिवाय ते दिसले नसते.

दुसऱ्या दिशेने गेले फिलिप नेपोली, २०१२ च्या आढाव्यातलेच संशोधक. त्यांनी माणसांना विचारणे सोडले आणि नुसता मजकूर मोजायला घेतला. २०१५ मध्ये न्यू जर्सीतली तीन गावे घेतली: न्यूअर्क, न्यू ब्रन्सविक आणि मॉरिसटाउन. अडीच लाखांवर लोकसंख्येच्या, गरीब न्यूअर्कपेक्षा छोट्या, सुखवस्तू मॉरिसटाउनला दरडोई कित्येक पटींनी जास्त स्थानिक बातम्या मिळत होत्या. मग २०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठातून त्यांच्या गटाने देशातल्या शंभर गावांच्या माध्यमांची संकेतस्थळे आठवडाभराच्या नमुन्याने तपासली, १६ हजारांवर बातम्या. खऱ्या अर्थाने त्या गावाची बातमी सुमारे १७ टक्के. त्या माध्यमाने स्वतः मिळवलेली निम्म्याहून कमी. वीस गावांच्या नमुन्यात एकही स्थानिक बातमी नव्हती. या मोजणीत वर्गवारीसाठी वापरलेली एक कसोटी कोणती? अत्यावश्यक माहितीच्या गरजा, म्हणजे तीच २०१२ ची यादी. यादी मेली नाही, तिने घर बदलले.

पुढच्या वर्षी याच गटाने आणखी एक आकडा काढला. शंभर गावांतल्या एकूण माध्यमांत स्थानिक वृत्तपत्रे साधारण पावच होती, पण स्थानिक, स्वतः मिळवलेल्या आणि गरजेच्या बातम्यांपैकी जवळजवळ ६० टक्के त्यांच्याकडून येत होत्या. म्हणजे पै यांनी ज्या वृत्तपत्रांवर आयोगाचा अधिकार नाही असे बरोबर म्हटले, त्यांना वगळून आयोगाने पाहणी केली असती तर बातमीचा मुख्य झराच मोजणीबाहेर राहिला असता. कायद्याने पै बरोबर होते आणि विषयाच्या दृष्टीने आराखडा बरोबर होता. ही गाठ आयोगाला सुटण्यासारखी नव्हतीच. ज्याला वृत्तपत्राच्या दारात उभे राहता येत नाही, त्याने स्थानिक बातम्यांचा पूर्ण हिशेब मांडायला निघणे ही मुळातली चूक होती.

नेपोली यांच्या पद्धतीत एक त्रुटी राहिली आहे, तीही सांगायला हवी. संकेतस्थळावर काय आहे ते कळते, ते न्यूअर्कच्या कोणत्या घरात पोचले ते कळत नाही. प्यूच्या देशव्यापी पाहणीत याच्या उलट, लोक काय म्हणतात ते कळते, त्यांच्या गावात त्या आठवड्यात काय छापले गेले ते नाही. दोन्ही एकाच जागी जोडण्याचे काम तीन शहरांत झाले, ते खर्चिक आहे आणि फार कोणी पुन्हा करताना दिसत नाही. सहा बाजारपेठांत ते करायला लागणारी यंत्रणा ज्याच्याकडे होती, त्यालाच ते करता येण्यासारखे नव्हते.

आयोगाचे काँग्रेसप्रती असलेले कर्तव्य मात्र २०१८ मध्ये कायद्यानेच हलके केले. त्या वर्षी मार्चमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने कलम २५७ चा त्रैवार्षिक अहवाल काढून टाकला आणि तो विषय दर दोन वर्षांनी निघणाऱ्या दळणवळण बाजारपेठेच्या अहवालात घातला. नवउद्योजकांपुढचे अडथळे त्यात अजून येतात, ब्रॉडबँड, केबल, रेडिओ यांतली स्पर्धाही येते. कोणत्या वस्तीला कोणती माहिती मिळते हे त्या अहवालाने सांगावे, अशी अपेक्षा कायद्यात लिहिलेली नाही.